ध्वनीबरोबर उजळणारे दिवे : माग-वस्तीतील शाळांसाठी एक विज्ञानपाठ

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या ठेक्यावर उघडझाप करणारे रंगीत दिवे आता शहरांप्रमाणे खेडोपाडीही परिचयाचे झाले आहेत. आवाज चढला की दिव्यांची रांग वर चढते, आवाज ओसरला की ती खाली येते. मुले हे दृश्य कुतूहलाने पाहतात आणि दिव्याला आवाज कसा कळतो, असा प्रश्न विचारतात. या प्रश्नाचे उत्तर वर्गात, स्वतःच्या हातांनी आणि अल्प खर्चात देता येते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, करमणुकीसाठी वापरला जाणारा हाच दिवा थोडी काळजी घेऊन बांधला, तर तो कानांचे रक्षण करणारा पहारेकरी होऊ शकतो. या दुसऱ्या उपयोगाची निकड कोठे आहे हे समजण्यासाठी सुरतेच्या दक्षिण भागातील बमरोलीचे उदाहरण घेणे उचित ठरेल.

बमरोली आणि यंत्रमागांचा आवाज

बमरोली हे मूळचे एक गाव. आज ते सुरत महानगराचा भाग असून पांडेसरा आणि उधना या औद्योगिक वस्त्यांच्या शेजारी वसलेले आहे. या संपूर्ण पट्ट्यात यंत्रमागांची खाती दाटीवाटीने उभी आहेत. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथील कामगारांबरोबरच खानदेशातून, म्हणजे धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून, आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. उधन्याहून जळगावकडे जाणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग हा त्यांचा येण्याजाण्याचा रस्ता. सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीतर्फे मराठी माध्यमाच्या शाळाही चालविल्या जातात.

साध्या यंत्रमागात धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो. लाकडी दांड्याचा फटका बसून धोटा सुटतो, पलीकडच्या पेटीत आदळून थांबतो आणि पुन्हा परत फेकला जातो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हा आघात होतो. एका छपराखाली असे वीस-पंचवीस माग चालत असतील, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही कानाजवळ तोंड नेऊन बोलावे लागते. पाणी-झोताचे व इतर बिनधोट्याचे नवे माग आले असले, तरी त्यांच्या खात्यांतही शांतता नांदत नाही. त्यातच बारा-बारा तासांच्या पाळ्या हे या धंद्यातील नित्याचे चित्र आहे. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील वाचकांना हे वर्णन परके वाटणार नाही.

आवाजामुळे होणारी हानी डोळ्यांना दिसत नाही. जखम होत नाही, रक्त येत नाही, बहुधा वेदनाही होत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात न येता श्रवणशक्ती क्षीण होत जाते. न दिसणारी ही गोष्ट दिव्यांच्या रूपाने डोळ्यांसमोर आणणे हाच प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

आवाजापासून आकड्यापर्यंत

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील सूक्ष्म चढउतार. हे चढउतार मायक्रोफोनच्या पातळ पडद्याला हलवितात आणि त्या हालचालीतून विजेचा क्षीण संकेत निर्माण होतो. या प्रयोगात वापरावयाचा लहान गोल मायक्रोफोन 'इलेक्ट्रेट' जातीचा असतो. गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६२ साली तो विकसित केला. स्वस्त, टिकाऊ आणि आकाराने लहान असल्यामुळे पुढे तो टेपरेकॉर्डर व दूरध्वनीपासून असंख्य उपकरणांत जाऊन बसला.

मायक्रोफोनचा संकेत इतका दुबळा असतो की, तो प्रथम वाढवावा लागतो. हे काम लहानसा वर्धक करतो. वाढविलेला संकेत मग सूक्ष्मनियंत्रकाकडे, म्हणजेच मायक्रोकंट्रोलरकडे, जातो. सूक्ष्मनियंत्रक हा नखाएवढ्या चकतीवर सामावलेला एक छोटा संगणकच होय. शाळांमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेली पट्टी 'आर्डुइनो उनो' या नावाने ओळखली जाते. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली आर्डुइनोचा प्रारंभ झाला. विद्यार्थ्यांना व कलावंतांना इलेक्ट्रॉनिक्स सुलभ व्हावे, हा त्यामागील हेतू होता. तिची रचना सर्वांना खुली असल्यामुळे तशाच पट्ट्या अनेक ठिकाणी तयार होतात आणि काही शे रुपयांत मिळतात. या पट्टीवर आज्ञावली साठविण्यासाठी ३२ किलोबाइट जागा असते. आजच्या मोबाइलच्या तुलनेत ती नगण्य आहे, परंतु आपल्या कामास ती पुरून उरते.

सूक्ष्मनियंत्रक ० ते ५ व्होल्टमधील विद्युतदाब मोजून त्याला ० ते १०२३ यांपैकी एक आकडा देतो. म्हणजे एका आकड्याची किंमत सुमारे ५ मिलिव्होल्ट होते. हवेतील कंपनाचा असा आकडा झाला की, पुढील सर्व काम साध्या अंकगणिताचे राहते.

साहित्य आणि जोडणी

पुढील साहित्य जमवावे : आर्डुइनो उनो पट्टी एक, ज्याची वाढ स्क्रूने कमी-अधिक करता येते असा मायक्रोफोन-वर्धक एक (बाजारात तो 'मॅक्स ४४६६' या चकतीच्या नावाने मिळतो), हिरवे, पिवळे व लाल एलईडी दिवे प्रत्येकी दोन, २२० ओहमचे रेझिस्टर सहा, ज्यांवर लाल-लाल-तपकिरी असे पट्टे असतात, ब्रेडबोर्ड एक, जोडतारा, आणि विजेसाठी मोबाइलची पॉवर बँक. आवाज वाढताच आपली वाढ आपोआप कमी करून घेणारे मायक्रोफोन-वर्धकही मिळतात. ते ध्वनिमुद्रणास चांगले, परंतु या प्रयोगास निरुपयोगी आहेत. लहान व मोठा आवाज ते सारखाच दाखवतील.

मायक्रोफोन-वर्धकाला तीन टोके असतात. त्यांपैकी विजेचे टोक पट्टीवरील ३.३ व्होल्टच्या छिद्रात, ग्राउंडचे टोक ग्राउंडमध्ये आणि संकेताचे टोक 'ए०' या छिद्रात जोडावे. पट्टीवर ५ व्होल्टही उपलब्ध असतात, परंतु ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यात खरखर कमी असते. सहा दिव्यांची लांब टोके प्रत्येकी एका रेझिस्टरमधून पट्टीवरील २ ते ७ या क्रमांकांना जोडावीत व आखूड टोके ग्राउंडला जोडावीत.

रेझिस्टर का हवा, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. पट्टी ५ व्होल्ट देते, दिवा सुमारे २ व्होल्ट घेतो. उरलेल्या ३ व्होल्टना २२० ओहमने भागले असता सुमारे १४ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह येतो. एका टोकातून २० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह घेऊ नये, हे पथ्य त्यामुळे पाळले जाते. ओहमचा नियम पाठ्यपुस्तकातून बाहेर येऊन उपयोगी पडतो तो असा.

येथे एक इशारा आवश्यक आहे. या प्रयोगात घरगुती २३० व्होल्टच्या विजेचा कोणताही दिवा जोडू नये. मिरवणुकीतील मोठे दिवे त्या विजेवर चालतात, परंतु ते काम परवानाधारक वीज-तंत्रज्ञाचे आहे.

आज्ञावलीची रीत

शांततेत मायक्रोफोन-वर्धकाचा संकेत शून्यावर नसतो. तो आपल्या पुरवठ्याच्या मध्यावर, म्हणजे सुमारे १.६५ व्होल्टवर, स्थिर असतो आणि त्याचा आकडा ३३८ च्या आसपास येतो. आवाज झाला की, संकेत या मध्यरेषेच्या वर आणि खाली हेलकावे घेतो. म्हणून कोणत्याही एका क्षणाचा आकडा आवाजाविषयी काही सांगत नाही. हेलकाव्याची सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पातळी यांतील अंतर मोजावे लागते.

आज्ञावलीचे टप्पे असे आहेत. प्रथम 'सर्वाधिक' या नावाने ० आणि 'सर्वात कमी' या नावाने १०२३ हे आकडे धरून ठेवावेत. मग ५० मिलिसेकंदांपर्यंत सतत वाचन करावे. प्रत्येक वाचन सर्वाधिकापेक्षा मोठे असेल तर ते नवे सर्वाधिक, सर्वात कमीपेक्षा लहान असेल तर ते नवे सर्वात कमी समजावे. एवढ्या वेळात सुमारे साडेचारशे वाचने होतात. ५० मिलिसेकंदच का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. मानवी कानाला ऐकू येणारा सर्वांत खर्जाचा ध्वनी सेकंदाला सुमारे २० कंपनांचा असतो व त्याचे एक पूर्ण कंपन ५० मिलिसेकंदांत होते. त्याहून कमी वेळ घेतल्यास ढोलाचे कंपन अर्धवट मोजले जाईल. शेवटी सर्वाधिकातून सर्वात कमी वजा करावे. येणारी वजाबाकी हा आवाजाचा आयाम होय. तिच्या प्रमाणात दिवे लावावेत आणि पुन्हा पहिल्या टप्प्यापासून आरंभ करावा.

दिव्यांची शिडी

आता मुख्य मुद्दा येतो. बहुतेक हौशी जोडण्यांत दिव्यांच्या पायऱ्या समान अंतरावर ठेवलेल्या असतात : शंभरला पहिला, दोनशेला दुसरा, तीनशेला तिसरा. दिसायला हे ठीक दिसते, परंतु आवाज मोजण्यासाठी ही शिडी चुकीची आहे. ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलचे माप बेरजेने नव्हे, गुणाकाराने चढते. आयाम दुप्पट झाला की पातळी ६ डेसिबलने वाढते. दहापट झाला की २० डेसिबलने.

म्हणून पायऱ्या दुपटीच्या ठेवाव्यात. वजाबाकी १६ झाली की पहिला दिवा लावावा. मग अनुक्रमे ३२, ६४, १२८, २५६ आणि ५१२ ला पुढील दिवे. असे केल्याने प्रत्येक दिवा मागच्यापेक्षा ६ डेसिबल वरचा ठरतो आणि आपल्या रांगेला मोजपट्टीचे रूप येते.

मोजपट्टीला एक ओळखीचा बिंदू लागतो. त्यासाठी खरा ध्वनिमापक एका दिवसापुरता मिळवावा. जवळचे विज्ञान वा अभियांत्रिकी महाविद्यालय यास साह्य करू शकेल. घरातील मिक्सर सुरू करावा, मायक्रोफोन व ध्वनिमापक शेजारी-शेजारी धरावेत आणि मापकावर ८९ डेसिबल येईल इतके अंतर ठेवावे. मग मायक्रोफोन-वर्धकाचा स्क्रू हळूहळू फिरवून पाचवा दिवा नेमका लागू लागेल अशी जुळणी करावी. आता सहा दिव्यांचे अर्थ ठरले : ६५, ७१, ७७, ८३, ८९ आणि ९५ डेसिबल. स्क्रूच्या त्या जागी रंगाची खूण करून ठेवावी.

माग-खात्यात ही शिडी अपुरी पडेल, कारण तेथे सहाही दिवे सतत लागून राहतील आणि आवाज ९५ च्या वर किती आहे, हे कळणार नाही. त्यासाठी ८९ डेसिबललाच तिसरा दिवा लागेल अशी दुसरी जुळणी करून तेथे वेगळ्या रंगाची खूण करावी. दिवे आता ७७ पासून १०७ पर्यंतच्या पातळ्या दाखवतील.

हे उपकरण दर्शक आहे, प्रमाणित मापक नव्हे. कानाची संवेदनशीलता वारंवारतेप्रमाणे बदलते आणि प्रमाणित मापकात तिच्यासाठी सुधारणा केलेली असते. आपल्या दिव्यांत ती नाही. म्हणून या दिव्यांच्या आधारे कोणाविरुद्ध तक्रार करू नये. अधिकृत मोजणी कोठे व्हावयास हवी, हे ठरविण्यास मात्र त्यांचा चांगला उपयोग होतो.

मैदानातील व वर्गातील तीन प्रयोग

पहिला प्रयोग अंतराचा. मोकळ्या मैदानात एकसारखा वाजणारा भोंगा ठेवून १, २, ४ आणि ८ मीटरवर दिवे पाहावेत. अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते, म्हणून दर दुपटीला एक दिवा विझेल. हाच प्रयोग बंद खोलीत केल्यास दिवे इतक्या लवकर विझत नाहीत. भिंतींवरून परतणारा ध्वनी त्यांना जागे ठेवतो. पत्र्याच्या छपराखालील खात्यात कोपऱ्यात जाऊन उभे राहिल्याने फारसा दिलासा का मिळत नाही, हे मुलांना येथे समजते.

दुसरा प्रयोग संख्येचा. दोन सारखे मिक्सर एकाच वेळी चालविले, तर आवाज दुप्पट न वाटता केवळ ३ डेसिबलने, म्हणजे अर्ध्या दिव्याने, वाढतो. याच हिशोबाने वीस माग एका मागापेक्षा सुमारे १३ डेसिबलने वरचढ ठरतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, वीसांपैकी दोन-चार माग बंद ठेवून खाते शांत होत नाही. आवाज यंत्राच्या मुळाशीच कमी करावा लागतो किंवा कानापाशी अडवावा लागतो.

तिसरा प्रयोग परिसराचा. शाळेची खिडकी, घराचा ओटा, बाजाराचा चौक आणि मिरवणुकीचा मार्ग येथे दिवसाच्या ठरावीक वेळी किती दिवे लागतात, याची नोंद मुलांनी आठवडाभर वहीत करावी. माग-खात्यातील नोंद मात्र मुलांनी आत जाऊन घेऊ नये. मालकाच्या अनुमतीने पालकांनी किंवा शिक्षकांनी ती आणून द्यावी.

दिवे काय सांगतात

ध्वनी प्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी क्षेत्रात ती ६५ व ५५, तर औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७० आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात ती ५० व ४० इतकी आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आता आपला पहिला हिरवा दिवा ६५ डेसिबलला लागतो, हे ध्यानात घ्यावे. निवासी वस्तीत दिवसा तो क्षणभर लागणे ही मोठी बाब नव्हे, कारण मर्यादा सरासरीवर ठरते. तो तासन् तास लागून राहत असेल, तर रंग हिरवा असूनही त्या वस्तीने दिवसाची मर्यादा १० डेसिबलने ओलांडलेली असते.

कामाच्या जागेचा हिशोब वेगळा आहे. कारखाने अधिनियम, १९४८ खालील नियमांत संरक्षक साधनांवाचून ९० डेसिबलमध्ये ८ तास, ९५ मध्ये ४ तास, १०० मध्ये २ तास आणि १०५ मध्ये १ तास अशी कमाल मर्यादा घालून देण्यात आली होती. आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा त्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, नोंद देणे बंधनकारक असलेल्या रोगांत, समावेश होता. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस याहून कडक असून ती ८५ डेसिबलला ८ तास आणि ९४ डेसिबलला केवळ १ तास सांगते. दुसऱ्या खुणेवर लावलेल्या आपल्या शिडीत चौथा दिवा ९५ चा आहे. तो सतत पेटता असेल, तर बारा तासांची पाळी ही ४ तासांच्या मर्यादेच्या तिप्पट होते. हा हिशोब इयत्ता पाचवीच्या मुलालाही करता येतो आणि तो त्याने घरी वडिलांसमोर करावा, हीच अपेक्षा आहे.

कानाच्या आतील शंखाकृती भागात सूक्ष्म केशपेशी असतात. प्रचंड आवाजाने त्या थकतात आणि दीर्घकाळच्या माऱ्याने मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम सेकंदाला सुमारे ४,००० कंपनांच्या आसपासचे उंच स्वर जातात. त्यामुळे 'माणूस बोलतो ते ऐकू येते, पण काय बोलतो ते कळत नाही' अशी अवस्था येते. 'सात' आणि 'हात', 'शेत' आणि 'पेठ' यांत गोंधळ होऊ लागतो. पाळी संपल्यावर कानात गुणगुण राहणे, दूरदर्शन संचाचा आवाज दिवसेंदिवस वाढवावा लागणे आणि नातवंडांचे बारीक आवाजातील बोलणे न समजणे ही पूर्वसूचना होय. अशा वेळी 'वय झाले' म्हणून सोडून न देता कानाची तपासणी करून घ्यावी.

उपाय अवघड नाही. कानात कोरडा कापूस घालण्याची चाल सर्वत्र दिसते, परंतु त्याने आवाज फारच थोडा अडतो. फोमचे कर्णरोधक अल्प किमतीत मिळतात. ते बोटांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, रोधक आत सारावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरावा. अर्धवट बसविलेला रोधक न बसविल्यासारखाच आहे. याखेरीज यंत्रांना वेळच्या वेळी तेल देणे, झिजलेले भाग बदलणे, मागाखाली रबराच्या गाद्या बसविणे आणि कामगारांना आळीपाळीने शांत जागी काम देणे हे मालकांच्या हाती असलेले उपाय आहेत.

शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी

अटल नवोन्मेष अभियानांतर्गत २०१६ पासून अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा स्थापन झाल्या असून त्या इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. अशा शाळांत या प्रयोगाचे बहुतेक साहित्य असतेच. ज्या शाळांत ती सोय नाही, तेथे एका वर्गासाठी एकच संच पुरेसा आहे. आरोग्य व कामगार विभागाच्या अधिकाऱ्यांनी वस्तीतील मेळाव्यांत हे दिवे ठेवून पाहावेत. छापील पत्रक वाचू न शकणाऱ्या आणि आवाजामुळे ऐकूही कमी येणाऱ्या माणसाला लाल दिव्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्यांची श्रवणशक्ती आधीच गेली आहे, त्यांच्या घरी हीच जोडणी दाराजवळ ठेवल्यास दारावरची थाप दिव्याने कळते. गणेशमंडळांनी मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकासमोर ही रांग लावून पाचव्या दिव्याच्या आत आवाज ठेवण्याचा संकेत पाळला, तर लहान मुले आणि वृद्ध यांची मोठी सोय होईल.

स्वाध्याय

१. दिव्यांच्या पायऱ्या १६, ३२, ६४ अशा का ठेवल्या? त्या १००, २००, ३०० अशा ठेवल्यास काय होईल?

२. एका मागाजवळ ८३ डेसिबल आवाज आहे. तसेच चार माग एकत्र चालल्यास पातळी सुमारे किती होईल?

३. तुमच्या घरातील कोणी आवाजाच्या ठिकाणी काम करीत असल्यास त्यांची पाळी किती तासांची आहे ते विचारा. त्या जागी कोणता दिवा लागतो यावरून त्यांच्यासाठी योग्य कालावधी काढा व तो त्यांना समजावून सांगा.

४. कर्णरोधक बसविण्याची योग्य रीत घरातील दोन व्यक्तींना शिकवा.